पलंगाखालचे बूट

तुमच्या बाबांनी मला काल एक फोटो पाठवला. मोठीने शाळेसाठी केलेलं पोस्टर. मधोमध पांढऱ्या केसांची, निळी साडी नेसलेली एक बाई, तिच्या पायांखाली लाल ठिपके, आणि वर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलंय की भूकंपात माझी आजी काचेवरून अनवाणी चालत गेली आणि तिने माझ्या आत्याला वाचवलं. कोपऱ्यात धाकट्याने स्वतःच्या वाकड्या अक्षरात 'ब्रेव्ह' असं जोडलंय.

मी तो फोटो तीनदा पाहिला आणि फोन पालथा करून ठेवला.

त्या वाक्यातलं 'अनवाणी' खरं आहे. 'काचेवरून' खरं आहे. बाकीचं खरं नाही, आणि ते तसंच तिकडे तुमच्या पार्सिपनीच्या शाळेच्या भिंतीवर राहू द्यायचं का, या विचाराने मला काल दुपारी झोप लागली नाही. म्हणून लिहायला बसले. मराठीत लिहितेय. माझं सगळं शिकवणं इंग्रजीत झालं, पण इंग्रजीत लिहायला लागले की मी मुख्याध्यापिकेला अर्ज लिहिल्यासारखी सावध होते. बाबांना मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. त्यांनी एखादा भाग गाळला तर मला कळेल.

तुम्हाला माहीत आहे की मी पुण्यातल्या एका इंग्रजी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. पृथ्वीचं कवच एकसंध नाही, त्याच्या प्रचंड फरश्या आहेत, त्या सरकतात. कुठे एकमेकींपासून दूर जातात, कुठे एकमेकींवर आदळतात, कुठे नुसत्या घासत जातात. या तीन आकृत्या मी डोळे मिटून फळ्यावर काढू शकते. मुलांना नेहमी ज्वालामुखी हवा असे. भूकंपाचा धडा आला की वर्ग पेंगायचा. मीही त्यांना दोष देत नसे. ज्वालामुखी दिसतो, धुमसतो, बहुतेक वेळा आधी काही दिवस चाहूल देतो. शिवाय पुणं ज्या काळ्या दगडावर वसलंय तोच मुळी लाव्हा, हे सांगितलं की मुलं खाली वाकून फरशीकडे बघत. भूकंपात बघण्यासारखं काय? एक रेघ आणि दोन बाण.

इथे कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला मी आले ती तुमच्या आत्याच्या बाळंतपणासाठी. आल्या आल्या काकांनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्याने, विचारलं, "आई, काय बघायचंय? समुद्र, पूल, मोठी झाडं?"

"ज्वालामुखी जवळ आहे का एखादा?"

"आहे, पण सहा-सात तास ड्राइव्ह करावं लागेल. त्यापेक्षा तुमची ती फॉल्ट लाइन अर्ध्या-पाऊण तासावर आहे."

एका रविवारी ते मला एका साध्या रस्त्यावर घेऊन गेले. दोन्हीकडे घरं, गाड्या, एक माणूस कुत्र्याला फिरवत होता. काकांनी फुटपाथची कड दाखवली. सरळ आलेली सिमेंटची कड एका जागी तुटून वीतभर बाजूला गेली होती आणि तिथून पुन्हा सरळ चालू झाली होती. खालची जमीन सरकत होती, आपली नखं वाढतात त्याहूनही सावकाश. मी तिथे चक्क उकिडवी बसले आणि त्या फटीत चार बोटं घातली. तीस वर्षं फळ्यावर काढलेली रेघ माझ्या हाताला लागत होती. मला इतका आनंद झाला की काकांनी माझा फोटो काढला. हा फोटो तुम्ही पाहिलाय. त्यात मी हसतेय.

इतकं सांगितलं ते एवढ्यासाठी की मला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. मला सगळं माहीत होतं.

आता बुटांचं सांगते.

आठव्या महिन्यात डॉक्टरांनी आत्याला पडून राहायला सांगितलं. धक्का नको, वजन उचलणं नको, पाय घसरून पडणं तर मुळीच नको. तिची खोली मीच आवरत असे. पहिल्याच दिवशी केर काढताना पलंगाखाली माझ्या झाडूला काहीतरी अडलं. ओढून बघते तर पळायचे बूट, पांढरे, निळ्या नाड्यांचे, आणि शेजारी टॉर्च.

"हे काय गं? पलंगाखाली पायताण?"

"आई, ते तिथेच असू दे. अर्थक्वेक झाला तर जमिनीवर काच पडते. पाय खाली टाकताच शूज हवेत. इथे सगळेच ठेवतात."

"बाहेरची धूळ घेऊन? बाळ येणार या खोलीत."

"प्लीज, ते मूव्ह नको करू."

मी बरं म्हटलं आणि बूट दाराजवळच्या रॅकवर नेऊन ठेवले. संध्याकाळी काकांनी परत आणून ठेवले. दोन दिवसांनी मी पुन्हा नेले. ते पुन्हा आले. "आई, तुमची आणि माझी मॅच चाललीय का?" असं काका हसत म्हणाले. तिसऱ्यांदा नेले तेव्हा ते परत आले नाहीत, कारण काकांच्या कामाची घाई होती आणि आत्याला वाकून पलंगाखाली बघता येत नव्हतं. तिला दिसणार नाही हे मला ठाऊक होतं. टॉर्च मात्र मी पुसून, नीट फडक्यात गुंडाळून तिथेच ठेवला. टॉर्चला माझी हरकत नव्हती.

पलंगावर आपण झोपतो आणि त्याच्याखाली रस्त्यावरचे बूट, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. घरात प्रत्येक वस्तूला जागा असते आणि बुटांची जागा उंबऱ्यापाशी. हे मला कुणी शिकवलं नाही, ते माझ्या अंगातच होतं.

त्या दिवशी सकाळचे दहा वाजले असतील. काका कंपनीच्या बसने कामाला गेले होते. आत्या मागच्या खोलीत पलंगावर तीन उशांना टेकून लॅपटॉपवर काहीतरी करत होती. मी स्वयंपाकघरात लाडवांसाठी डिंक तळत होते. तूप तापलं होतं, पहिला घाणा फुलून वर आला होता.

आतून आवाज आला, "आई, केवढा वास सुटलाय! बाळ लाथा मारतंय."

"मारू दे. हक्काच्या लाथा आहेत."

"मला एक दे ना, गरम गरम."

"नुसता डिंक कुणी खातं का? थांब जरा."

यानंतर ओट्यावरचा माझा फोन किंचाळला. आतल्या खोलीत तिचाही किंचाळला. एक शांत, स्पष्ट बाई इंग्रजीत सांगू लागली: भूकंप येतोय, खाली बसा, आडोसा घ्या, धरून राहा.

मला वाक्य पूर्ण कळलं. तिचे उच्चारसुद्धा स्वच्छ होते. जेवायचं टेबल माझ्यापासून दोन पावलांवर होतं.

मी गॅस बंद केला. पातेल्यावर झाकण ठेवलं. दाराशी गेले, चपला पायात घातल्या, उजवी उजव्या पायात, डावी डाव्या पायात, दार उघडलं, जाळीचं दार ढकललं आणि बाहेर गेले. तोपर्यंत हलायला लागलं होतं. आधी आवाज आला, भरलेला ट्रक जमिनीखालून जावा तसा, मग पायाखालची पायरी कुणीतरी ओढल्यासारखी एका बाजूला गेली. मी पुढच्या हिरवळीवर पोचले आणि मागे धप्पकन आवाज झाला. वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीतली मातीची कुंडी पायरीवर पडून फुटली होती. मी तिथे होते, आत्ताच.

घर माझ्यासमोर हलत होतं. लाकडी घर आहे ते, करकरत होतं, खिडक्या थरथरत होत्या, पण ते उभं होतं. मी एका झाडाला धरून त्याच्याकडे बघत होते. काका म्हणतात सगळं मिळून पंधरा-वीस सेकंद झालं. असेल.

शेजारच्या बाई हिरवळीवर गुडघे टेकून बसल्या होत्या. सत्तरीच्या आहेत, एकट्या राहतात, टोमॅटो लावतात. हातांत मातीने माखलेले हातमोजे, पायात गुडघ्यापर्यंतचे बागकामाचे बूट. हलायचं थांबल्यावर त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं आणि विचारलं, "तुमची मुलगी कुठे आहे?"

मुलांनो, पुढचं वाक्य लिहायला मला सकाळपासून दुपार झाली. त्या बाईंनी विचारेपर्यंत मला मुलगी आहे हे मला आठवलं नव्हतं.

गॅस आठवला. झाकण आठवलं. चपला आठवल्या. पोटात बाळ घेऊन पडलेली माझी मुलगी, जिच्याशी मी एक मिनिटापूर्वी बोलले होते, तिला मी साधी हाकसुद्धा मारली नव्हती.

मी लहानपणी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहत होते, हे तुम्हाला मी कधी सांगितलं नसेल. तिथे जमीन अधूनमधून हलायची. आमचं घर दगडमातीचं, भिंती हात-दीड हात जाड, वर जड छप्पर. अशा भिंतीला धक्का बसला की ती वाकत नाही, ढासळते. म्हणून वडिलांचा एकच नियम होता: भांडी वाजली की अंगण. प्रश्न विचारायचे नाहीत, काही घ्यायचं नाही. पुढे शाळेतही मी तेच केलं. सराव असला की शिट्टी वाजवून शंभर मुलं मैदानावर रांगेत उभी करत असे. त्या घरासाठी तो नियम बरोबर होता. इथल्या लाकडी घरासाठी नाही. इथे माणसाला लागतं ते दाराकडे धावताना, काचेने, विटेने, वरून पडणाऱ्या कुंडीने. भूकंप समजून घ्यायचा म्हणजे नुसती खालची जमीन समजून पुरत नाही, आपण कोणत्या छपराखाली उभे आहोत तेही समजावं लागतं. हे मी वर्गात कधीच शिकवलं नाही, कारण ते पुस्तकात नव्हतं.

पण ही सबब झाली. कारण वडिलांचा नियम माझ्या पायांनी पाळला हे मी समजू शकते, पण त्याच आठवणीत आणखी एक गोष्ट आहे. एकदा भांडी वाजली तेव्हा माझी आई मला दंडाला धरून, अर्धी उचलून, अर्धी फरफटत अंगणात घेऊन गेली होती. माझा खांदा आठवडाभर दुखत होता. तिने मला नेलं. मी एकटी गेले.

मी परत धावले. कुंडीचे तुकडे ओलांडले, जाळीचं दार उघडलं, आणि उंबऱ्याशी थांबून चपला काढल्या.

होय. काढल्या, आणि रॅकखाली शेजारी शेजारी लावल्या. तुमच्या पोस्टरवरची अनवाणी आजी ती ही.

आत्याच्या खोलीत भिंतीतल्या कपाटाला सरकती आरशाची दारं होती, जमिनीपासून छतापर्यंत. त्यातलं एक खाचेतून निसटून पडलं होतं आणि पलंगापासून दारापर्यंत सगळी जमीन चमकत होती. आत्या पलंगावर कुशीवर, पोटाभोवती गुडघे घेऊन, डोक्यावर उशी धरून. अंथरुणात असलो तर तसंच राहायचं असतं. तिने अगदी बरोबर केलं होतं.

"आई, थांब! काच आहे, आत येऊ नको!"

मी आत आले होते. मला काही लागलं नाही असं वाटलं. नुसतं ओलं वाटलं.

तिने उशी बाजूला केली. रंग उतरला होता तिचा. एक हात पोटावर ठेवून दुसऱ्या हाताने ती पलंगाखाली चाचपत होती. फडक्यात गुंडाळलेला टॉर्च तिच्या हाताला लागला. तिने तो बाहेर काढला, पाहिला, पुन्हा हात घातला.

"आई, माझे शूज कुठे आहेत?"

मी मागे वळून बाहेरच्या दाराकडे पाहिलं.

"आई, पोट आवळून येतंय. मला उठायला हवं. शूज कुठेयत?"

"रॅकवर."

तिने माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात पुन्हा एक लहानसा हादरा आला आणि कपाटात अडकलेला आरशाचा उरलेला तुकडा खाली येऊन फुटला. आम्ही दोघी किंचाळलो. मला पुढे जाता येईना, मागे जाता येईना. आता पाय खरंच दुखायला लागले होते. पलंगापर्यंत जाऊन तिला धरलं तरी तिला उतरवायचं कशावर? आणि ती घसरली तर?

बाहेरून करकर करत बुटांचा आवाज आला. शेजारच्या बाई. मी ओरडले, "दाराजवळ, रॅकवर, पांढरे, निळी नाडी!" त्या ते घेऊन आल्या, न्हाणीघरातले सगळे टॉवेल त्यांनी काचेवर अंथरले, आणि मातीने भरलेल्या गुडघ्यांवर बसून माझ्या मुलीच्या पायात बूट घालून नाड्या बांधल्या. दुहेरी गाठ मारली. त्यांनीच आम्हाला त्यांच्या गाडीतून हॉस्पिटलात नेलं.

तिथे आत्याच्या पोटाला पट्टा बांधला. बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत होती. मग अचानक टपटपटप, घाईत चालल्यासारखी, बाळाच्या हृदयाची. आत्याने डोळे मिटले. संध्याकाळपर्यंत कळा थांबल्या, दुसऱ्या दिवशी तिला घरी सोडलं, आणि तीन आठवड्यांनी ठरल्या वेळी तुमची धाकटी आतेबहीण आली. हे तुम्हाला माहीतच आहे.

त्याच हॉस्पिटलात खालच्या मजल्यावर एक नर्स चिमट्याने माझ्या तळपायातली काच काढत होती. तिने विचारलं, काच दिसत होती तर चपला का नाही घातल्या? मी म्हणाले, "आम्ही घरात पायताण घालत नाही." तिचा चिमटा क्षणभर थांबला. मग तिने काम पुढे चालू केलं.

बाकीचं मी कुणाला सांगितलं नाही. काकांनी समजूत करून घेतली की मी स्वयंपाकघरातून थेट खोलीत धावले. त्यांनी तसंच तुमच्या बाबांना सांगितलं, बाबांनी तुम्हाला. तुम्ही व्हिडिओ कॉलवर विचारलंत, "आजी, वेअर यू स्केअर्ड?" आणि मी म्हणाले, "अजिबात नाही." तेही खोटं.

काल पोस्टर पाहिल्यावर मी आत्याकडे गेले. ती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मी उभ्यानेच सांगितलं, "मी त्या दिवशी आधी बाहेर पळाले होते. तुला न घेता."

"माहितेय," ती म्हणाली.

"शेजारच्या बाईंनी सांगितलं?"

"नाही गं. जाळीचं दार. ते आपटतं तेव्हा केवढा आवाज होतो. पहिल्यांदा आपटलं तेव्हा सगळं हलत होतं. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा थांबलं होतं."

इतके आठवडे तिला माहीत होतं. इतके आठवडे ती माझ्या हातचे लाडू खात होती.

"मधल्या वेळात..." मी विचारलं.

"मधल्या वेळात तुला हाका मारत होते."

मला एकही ऐकू आली नव्हती. मी हिरवळीवर झाडाला धरून उभी होते, वीस पावलांवर, कान चांगले आहेत माझे, आणि माझी मुलगी मला आई म्हणून हाका मारत होती, आणि मला ऐकू आलं नाही.

मी खाली बसले. आत्याने बाळ माझ्या मांडीवर दिलं, कदाचित माझे हात कुठेतरी गुंतावेत म्हणून. मग म्हणाली, "गॅस मात्र बंद करून गेलीस. आणि डिंकावर झाकण. ह्यांनी येऊन बघितलं तर डिंक कुरकुरीत होता."

"गप्प बस."

"नाही, खरंच. असं ऑर्गनाइज्ड पळणारं माणूस मी दुसरं नाही पाहिलं."

ती हसली. मला हसू आलं नाही. अजून आलेलं नाही.

आता आमच्याकडे रविवारी सराव होतो. काका मोबाइलवर वेळ लावतात आणि कधीही, मी काहीही करत असले तरी, "आई, खाली!" म्हणून ओरडतात. मी टेबलाखाली जाते. गुडघे वाजतात. पहिल्या तीन वेळा माझे पाय दाराकडेच वळले. चौथ्या वेळी वळले नाहीत. पण तेव्हा घर हलत नव्हतं, त्यामुळे मी काही खात्री देत नाही. आरशाची दारं काढून पडदा लावलाय.

मोठे, ते पोस्टर फाडू नकोस. चित्र छान आहे, साडीचा रंग आवडला. पण तुझ्या वाक्याच्या आधी एक वाक्य घाल: आधी ती पळाली होती. आणि शेजारच्या बाईंना काढ, गुडघ्यापर्यंतच्या बुटांत, नाडी बांधताना. वाचवलं त्यांनी. धाकट्या, तुझा शब्द त्यांच्या डोक्यावर लिही.

आत्याच्या पलंगाखाली बूट आहेत. रोज सकाळी केर काढताना मी ते उचलते, ओल्या फडक्याने तळवे पुसते आणि पुन्हा तिथेच ठेवते, पाय खाली टाकताच सापडतील असे. आता माझ्या पलंगाखालीही एक जोड आहे. झोपायला जाताना रोज माझ्या अंगावर काटा येतो. मी ते हलवत नाही.